शब्दचर्चा : 'विलोम', 'डेम्लो' आणि 'हर्षद' संख्या

प्रश्न : १२३४५६७८९८७६५४३२१ या सतरा अंकी संख्येला एका ठिकाणी 'विलोम संख्या' आणि दुसऱ्या ठिकाणी 'डेम्लो संख्या' म्हटलेले वाचले. हे शब्द समानार्थी आहेत का? शिवाय ही संख्या अक्षरांत कशी वाचावी?

उत्तर : समानार्थी नाहीत. 'चिमा काय कामाची' हे वाक्य जसे कोणत्याही टोकाकडून वाचले तरी तेच राहते, तशीच ही संख्या आहे, आणि 'विलोम' या शब्दाने तिचे एवढे रूपच सांगितले जाते. 'डेम्लो' हे नाव मात्र घडणीचे आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांनी ते डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, या रेल्वे स्थानकावरून ठेवले. १, ११, १११ अशा केवळ एककांनी बनलेल्या संख्यांचे वर्ग या कुळात येतात; आपली संख्या १११११११११ चा वर्ग आहे. पाटीवर हा गुणाकार मांडला, तर नऊ एककांची ओळ एकेक घर डावीकडे सरकत नऊ वेळा लिहावी लागते, आणि उभ्या बेरजा १, २, ३ करत नवापर्यंत चढून पुन्हा एकावर उतरतात; हातचा कुठेही घ्यावा लागत नाही. दहा एककांचा वर्ग केला की मधली बेरीज दहा होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ मिळते. ही संख्या डेम्लो कुळातलीच आहे, पण विलोम नाही. दोन्ही शब्द वेगळे का ठेवावेत, ते इथे नेमके दिसते.

पुरवणी : कापरेकरांचाच 'हर्षद' हा सुंदर शब्दही इथे लागू पडतो. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. येथे अंकांची बेरीज ८१ आहे आणि भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजेच १२३४५६७९ चा वर्ग येतो. दहा एककांच्या वर्गात अंकांची बेरीज ८२ होते, आणि विषम संख्येला सम संख्येने निःशेष भाग जात नाही, म्हणून ती हर्षदही नाही.

'विलोम'बद्दल मात्र माझा थोडा आक्षेप आहे. 'अनुलोम-विलोम' या जोडीत त्याचा अर्थ नुसता 'उलट' असा होतो, त्यामुळे 'विलोम संख्या' म्हटल्यावर कोणी १७ ची ७१ असे समजू शकेल. 'विलोमपदी संख्या' म्हटल्यास हा घोटाळा टळतो.

वाचनासाठी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामे पुरेशी आहेत : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक.