मदत हवी आहे: जळगावात राहून आयटीचं कॉन्ट्रॅक्ट काम कसं मिळवायचं?

राम राम मंडळी, मी जावा आणि स्प्रिंग बूटवर (प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातलं टूल) 6 वर्षं पुण्यात काम केलंय, पण वडिलांचं डायलिसिस सुरू झालं म्हणून जळगावला घरी आलोय, आठवड्यातून दोनदा त्यांना घेऊन जावं लागतं, त्यामुळे रिमोटच पाहिजे. नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन दोन्हीकडे प्रोफाइल आहे, फोनही येतात, पण एकाच कामासाठी तीन-तीन एजन्सीवाले आणि क्लायंटचं नाव कोणीच सांगत नाही. मागच्या आठवड्यात दोघांनी माझा सीव्ही एकाच कंपनीला पाठवला आणि डुप्लिकेट म्हणून मी बाद, फार जिव्हारी लागलं. आता ठरवलंय, आधी क्लायंटचं नाव ईमेलवर घ्यायचं मगच सीव्ही द्यायचा. एकाने तर 5,000 रुपये डिपॉझिट मागितलं, ते मी दिलं नाही, काम देणारा कशाला पैसे मागेल.

विचारायचं हे की एजन्सीच्या पेरोलवर जाऊ (म्हणजे त्यांच्याकडून पगार घेऊ) की स्वतः क्लायंटला इन्व्हॉइस, म्हणजे बिल, काढू? 20 लाखांच्या आत जीएसटी लागत नाही म्हणतात, पण क्लायंट परराज्यातला असला तरी तसंच का? आणि जुन्या टीममधल्या लोकांना कामाबद्दल मेसेज करायला संकोच वाटतो, तुम्ही सुरुवात कशी केली? भुसावळ-धुळ्याकडून असं काम करणारं कोणी असेल तर प्लीज सांगा.