मदत हवी आहे: १४ वर्षांनी पुन्हा पियानो, सुरुवात कुठून?

एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या पाचव्या ग्रेडपर्यंत शिक्षण, मग १४ वर्षं खंड. ठाण्यात घरी जुना अपराइट (उभा पियानो) आहे, ८-९ वर्षांत ट्यूनिंग नाही. जुना पीस बोटांना आठवतो, पण मध्येच तुटला की पुढचं सुचत नाही. बास क्लेफ (खालच्या सुरांच्या रेघा) एकेक रेघ मोजत वाचावा लागतो. त्यात पावसाळ्यात मधल्या दोन-तीन पट्ट्या अडकतात. आधी ट्यूनर बोलवू की हात बसवू? हॅनन (बोटांच्या व्यायामाचं पुस्तक) रोज तासभर करावं का?

खर्जातला:
आधी पट्ट्या. वरचं झाकण उघडून टॉर्च मारा, अडकणारी पट्टी दाबून सोडा. पट्टीच खाली राहिली, तर तिच्या भोकातलं फेल्ट दमटपणाने फुगून पिनेला आवळतंय. पट्टी वर आली पण हातोडी तारेजवळ रेंगाळली, तर दोष हातोडीच्या बिजागरीत. ट्यूनरला फोनवर एवढं सांगा, म्हणजे तो तयारीने येईल. डब्ल्यूडी-४० किंवा तेल अजिबात नको, फेल्ट ते पिऊन बसतं. (फटीत नाणं किंवा पेन्सिलीचं टोक पडलंय का, तेही बघा.)

पूर्ण ट्यूनिंग मात्र हवा कोरडी झाल्यावर. इतक्या वर्षांत सूर बराच उतरलेला असणार. तो ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर ओढताना शेवटच्या तारा लागेपर्यंत पहिल्या पुन्हा उतरतात. म्हणून आधी कच्चा फेरा, मग बारीक, आणि काही आठवड्यांनी परत एकदा. जुनी तार तुटली तर खर्च कोणाचा, हे आधीच बोलून घ्या.

काळी_चार:
तासभर हॅनन नकोच. बोटांचा वेग लवकर परततो, दम परतत नाही. दुखणी तिथेच सुरू होतात. १५-१५ मिनिटांच्या दोन बैठका पुरेत. कोपराखाली जळजळलं की थांबा.

स्केल (सप्तकाचे सूर ओळीने) सी मेजरने नको, बी मेजरने सुरू करा. लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आपसूक बसतात. पियानो संगीतकार शोपँही शिष्यांना इथूनच सुरुवात करून द्यायचा. बोटं अशी (१ अंगठा, ५ करंगळी): उजवा हात १-२-३-१-२-३-४-५, डावा ४-३-२-१-४-३-२-१, मेट्रोनोम ६०, एका ठोक्याला एक सूर.

पीस तुटतो कारण बोटांना फक्त साखळी पाठ आहे. दर चार बारला (उभ्या रेघांमधल्या घरांना) पेन्सिलीने खूण करा आणि शेवटच्या खुणेपासून उलट्या क्रमाने सुरुवात करत या. डावा हात एकटा, न बघता वाजला तर पीस पक्का.

वाचनाला दोन खुंट्या: मिडल सीपासून वर पाचवा सूर जी, ट्रेबलची (वरच्या सुरांच्या रेघांतली) खालून दुसरी रेघ, खाली पाचवा एफ, बासच्या दोन टिंबांमधली रेघ. बाकीचे सूर यांच्यापासून अंतराने ओळखा, मोजू नका. त्यासाठी रोज तिसऱ्या नव्हे, पहिल्या ग्रेडचं नवं पान.

धागाकर्ती:
पट्टीच खाली राहते, म्हणजे फेल्ट. तोवर ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड चालेल?

काळी_चार:
वाचनाला चालेल. हाताला नाही, स्प्रिंगच्या पट्ट्यांना वजन नसतं. स्केल अपराइटवरच, मधल्या अडकणाऱ्या पट्ट्या टाळायला एक सप्तक वर सरकून.