भूकंपाच्या भीतीलाही शब्द आहे

निरनिराळ्या भीतींच्या इंग्रजी नावांची चर्चा चाललीय, तीत तेरा आकड्याची, कोळ्याची, छोट्या छोट्या छिद्रांची भीती आली. त्यात सिस्मोफोबियाची भर घालतो, म्हणजे भूकंपाची भीती. ग्रीकमध्ये सिस्मॉस म्हणजे हादरा. चांगलं इंग्रजी येणाऱ्यांनाही हा शब्द माहीत नसतो, पण आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात तो जगलेली माणसं घरोघरी सापडतील.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक गाढ झोपलेले. किल्लारीकडं दगडमातीच्या जाड भिंती अन् वर मातीचं माळवद, ते सगळं अंगावर आलं. आमची आजी त्यानंतर कधी माळवदाखाली निजली नाही. थंडी असो की पाऊस, पत्र्याच्या शेडातच बाज. उशाशी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या. रात्री रस्त्यानं ट्रक गेला की आधी त्या पाण्याकडं बघायची, हललं का म्हणून. आम्ही पोरं हसायचो, आता लाज वाटते.

बाकी ते शेंगदाण्याचं लोणी टाळूला चिकटण्याच्या भीतीचं अराकिब्युटायरोफोबिया मला निव्वळ गंमत वाटते. आमच्याकडं शेंगदाण्याची चटणीच, ती कुठं चिकटायची!