पॅच टाकला तरी अनोळखी सेशन चालूच! मदत हवी आहे, तातडीने

रात्रपाळी: शनिवारी रात्री गेटवेला (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचं दार) पॅच टाकला. आज सकाळी लॉग उघडला तर अकाउंट्सच्या एका मॅडमचं एकच सेशन दोन आयपींवरून चालू. एक त्यांच्या घरचा, दुसरा परदेशातला. मॅडम शपथेवर सांगतात, ओटीपी कुणाला दिला नाही. पासवर्ड बदलला, तरी सेशन तुटत नाही. साहेब डोक्यावर उभे आहेत. लवकर सांगा.

खटपट्या: कुठला गेटवे? आधी कुठल्या बिल्डवर (आवृत्तीवर) होता?

सह्याद्री_७: सगळ्यांचे पासवर्ड बदला आणि ओटीपी सक्तीचा करा. आमच्याकडे तेच केलं होतं.

रात्रपाळी: ओटीपी आहेच, वर लिहिलंय. सिट्रिक्सचा नेटस्केलर. १३.१ होतं, आता १३.१-५८.३२.

जुनाजाणता: म्हणजे सिट्रिक्सब्लीडच, नेटस्केलरची मेमरी गळण्याचा दोष. पॅच आला ऑक्टोबर २०२३ मध्ये, पण हल्ले ऑगस्टअखेरपासून चालू होते.

खटपट्या: काका, तो जुना दोष, सीव्हीई (नोंद) क्रमांक ४९६६. हे बिल्ड जून २०२५ च्या नव्या दोषासाठीचं, क्रमांक ५७७७. लॉगिनच्या विनंतीत 'लॉगिन' हे नाव पाठवायचं, पण पुढे बरोबरचं चिन्ह आणि किंमत द्यायचीच नाही. त्या रकान्यासाठी घेतलेली मेमरी पुसलेली नसते, आणि यंत्र त्यातलं आहे तसं उत्तरात परत पाठवतं. आधीच्या मुलाने पाटी पुसली नाही की पुढच्याला त्याचं लिहिलेलं दिसतं, तसं. एका वेळी जेमतेम १२७ बाइट, पण हजार वेळा विचारलं की कुणाचं तरी सेशन टोकन हाती लागतं. टोकन म्हणजे लॉगिन आणि ओटीपी दोन्ही होऊन गेल्यानंतरची खूण. म्हणून सह्याद्री, पासवर्ड बदलून ते सेशन तुटणार नाही.

सह्याद्री_७: टोकनबरोबर मेमरीतून पासवर्डही गळला नसेल कशावरून? बदलायलाच हवा.

खटपट्या: बदला, पण आधी सेशन मारा.



कोडवाली: असले डबे दारात ठेवूच नयेत. आम्ही दोन वर्षांपूर्वी झीरो ट्रस्टवर (आत आलेल्यालाही दर वेळी तपासायचं) गेलो, तेव्हापासून शांत झोप लागते.

जुनाजाणता: ताई, त्यांचं घर आज जळतंय. नवीन बांधकामाचं नंतर बोलू. रात्रपाळी, 'किल आयसीएकनेक्शन -ऑल' आणि 'किल पीसीओआयपीकनेक्शन -ऑल' या चालू सेशन तोडायच्या आज्ञा चालवल्यात का?

रात्रपाळी: पहिली चालवली, शनिवारीच. दुसरी नाही, आम्ही पीसीओआयपी (रिमोट डेस्कटॉपची एक पद्धत) वापरत नाही.

जुनाजाणता: डबा एकच आहे की एचए जोडी (एक पडला तर दुसरा काम घेतो)?

रात्रपाळी: जोडी आहे. दुसरा स्टँडबाय आहे, म्हणून तो पुढच्या आठवड्यावर ठेवला होता.

खटपट्या: तिथेच अडलंय! आधी जोडीतले दोन्ही डबे नव्या बिल्डवर न्यायचे, मग सेशन मारायची, असा क्रम सिट्रिक्सच्या सूचनेत दिलेला आहे. 'किल एएए सेशन -ऑल' सुद्धा द्या. पण त्याआधी लॉग बाहेर काढून ठेवा. नंतर कोण कुठून आलं हे शोधायला दुसरं काही उरणार नाही.

रात्रपाळी: दुसराही अपग्रेड केला. लॉग काढले, सगळी सेशन मारली. परदेशातला आयपी गेला. आता साहेब विचारतायत, त्याने कुठले फोल्डर उघडले? गेटवेच्या लॉगमध्ये दिसत नाही.

जुनाजाणता: तिथे दिसणार नाही. मॅडमच्या नावाने फाइल सर्व्हरवर बघा. ऑडिट (कोणी काय उघडलं याची नोंद) चालू होतं का तिथे?

रात्रपाळी: विचारतो.