मारकुट्या मुलाला घरी बसवणे हा उपाय आहे काय?

खडूफळा: "जे मूल चावते, मारते त्याला आठवडाभर घरी बसवा, पालक आपोआप ताळ्यावर येतील," असा सल्ला काल येथे दिला गेला आणि अनेकांनी त्याला माना डोलावल्या. पहिली-दुसरीचे वर्ग २२ वर्षे सांभाळल्यामुळे मला तो मुकाट्याने सोडून देता येत नाही. एका हंगामात आमच्या शाळेत ऊसतोड मजुरांचा ६ वर्षांचा मुलगा आला. तो रोज वर्गातून पळत असे आणि अडवणाऱ्याच्या हाताला कडकडून चावत असे. मी पाठकोऱ्या वहीत तीन रकाने आखले: आधी काय घडले, त्याने काय केले, त्यानंतर काय झाले. आठ दिवसांच्या नोंदींत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. साडेअकराच्या सुमारास उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडे निघाल्या की तो उठे, कारण आईवडील गाडीबरोबर गेले की कोपीवर, म्हणजे मजुरांच्या पाचटाच्या झोपडीत, त्याची ३ वर्षांची बहीण एकटी उरत असे. ती वर्गाच्या दाराशी पोत्यावर बसू लागली आणि त्याचे पळणे थांबले. अशा मुलाला कोणत्या घरी बसवायचे, तेही सल्लागारांनी सांगावे.

सरळरेषा: तो सल्ला माझाच होता. आपली हकिकत हृद्य आहे. परंतु माझ्या मुलीच्या दंडावर दातांचे वण उमटले तेव्हा शाळेने तिन्ही वेळा "लहान मुले आहेत, चालायचेच" एवढेच ऐकवले. आपले तीन रकाने भरेपर्यंत आठ दिवस ज्यांचे हात चावले गेले, त्यांच्यासाठी चौथा रकाना होता काय?

निवृत्त गुरुजी: २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने छडीही काढली आणि धाकही काढला. मी छडी वापरली आणि माझे विद्यार्थी आजही भररस्त्यात पाया पडतात.

डावरा: गुरुजी, डाव्या हाताने लिहितो म्हणून दुसरीत माझ्या बोटांवर छडी बसत असे. त्या सरांच्या पाया मीही पडतो. त्यावरून छडीची बाजू सिद्ध होते, असे कृपया समजू नये.

द्विशिक्षकी: वही भरायला वेळ कोणाला आहे? आमच्याकडे चार इयत्तांना दोन शिक्षक आहेत. त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही; तरीही खिचडीचा हिशेब आणि "आजच सायंकाळपर्यंत" पाठवायची ऑनलाइन माहिती आमच्याच माथी असते. एकजण ते करत बसला की दुसऱ्यापुढे चारही इयत्तांची मुले असतात. मारामारी कशावरून सुरू झाली हे मला ती संपल्यावरच कळते.

सरळरेषा: शिक्षकांच्या सुट्ट्या मोजल्या तर हे रडगाणे गाताना संकोच वाटावा.

द्विशिक्षकी: मतदारयादी हाती घेऊन मे महिन्याच्या उन्हात एकदा आमच्याबरोबर दारोदार फिरा, मग सुट्ट्या मोजू. मुलीचा राग आमच्यावर काढू नका.

निवृत्त गुरुजी: ही कामे आम्हीही केली. तक्रार केली नाही.

डावरा: तक्रार केली असती, तर कदाचित आज ती कामे उरली नसती.

खडूफळा: मूळ मुद्द्यावर येते. चौथा रकाना नव्हता, हे मान्य करते. ज्या मुलीला तो सर्वांत जास्त चावला, तिच्या आईशी मी चौथ्या दिवशी बोलले. पहिल्याच दिवशी बोलायला हवे होते. तरीही त्याला घरी बसवून तिचा हात वाचला असता आणि त्याची बहीण पुन्हा एकटी पडली असती. तेव्हा तो कोणाला चावला असता, ते मला ठाऊक नाही.

सरळरेषा: आठवडा हा शब्द मागे घेतो, सल्ला नव्हे. माझ्या मुलीच्या शाळेत कोणी आपल्यासारखी वही उघडली असती, तर कदाचित मी हे लिहिलेच नसते. एक शंका उरते: त्या बहिणीचे नाव कोणत्या पटावर होते?

खडूफळा: कोणत्याच नाही. तपासणीच्या दिवशी मी तिला खिचडी शिजवणाऱ्या ताईंजवळ बसवत असे.