गाडीने स्वतःहून ब्रेक मारला तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

काल मैत्रिणीच्या नव्या गाडीत पुढे बसले होते. समोरची व्हॅन एकदम थांबली. डॅशबोर्डवर लाल चित्र चमकलं, पीं पीं वाजलं आणि तिचा पाय ब्रेकवर पोचायच्या आत पट्टा माझ्या खांद्यात रुतला. ती विचारतेय, "अगं, हे काय झालं?" आणि मी तिकडे तीन वर्षांमागच्या एका संध्याकाळी जाऊन पोचले होते.

धो धो पाऊस. उभ्या ट्रकच्या पुढून एक आजी रस्त्यावर आल्या. वारं समोरून, म्हणून छत्री तोंडासमोर आडवी धरलेली. माझा वेग ३५ च्या आसपास. खरं सांगते, मला त्या दिसल्याच नाहीत. गाडीला दिसल्या. थांबली तेव्हा बॉनेट आणि छत्री यांच्यात हातभर अंतर होतं. छत्रीची एक काडी मोडून लोंबत होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे. मागच्या सीटवरची पाण्याची बाटली गडगडत माझ्या पायाशी आली. आजींना काही कळलंच नाही. पावसाच्या आवाजात त्या तशाच पलीकडे गेल्या. मी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ हात थरथरत होते. घरी आजवर कुणाला बोलले नाही, आज पहिल्यांदाच लिहितेय.

तुमच्याकडे असं झालंय का? चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

सांजवारा
बापरे. अंगावर काटा आला. बरं केलंस लिहिलंस ते. असं मनात ठेवलं की रात्री-अपरात्री वर येतं.

निळाई
माझा उलटा अनुभव. वळणावर कडेला ट्रक उभा, मी माझ्या लेनमध्ये नीट वळतेय, आणि गाडीला वाटलं आपण ट्रकवरच चाललोय. कचकन ब्रेक! मागचा गाडीवाला जेमतेम थांबला. दोन दिवस मी ती यंत्रणा बंद करून फिरले. पण गाडी परत सुरू केली की ती आपोआप चालू होतेच, माझ्या गाडीत तरी.

लेकुरवाळी
बाटलीबद्दल. प्लीज प्लीज बाटल्या सुट्या ठेवू नका!! पेडलखाली अडकली तर मग आपला ब्रेकच दाबता येणार नाही. आमच्याकडे तर खेळण्यातला लोखंडी ट्रक मागून उडून पुढे आला होता. तेव्हापासून सगळं डिकीत, जाळीखाली. बाळ उठलं, पळते.

पाना-पक्कड
निळाई, वळणावरचा उभा ट्रक ही नेहमीची तक्रार आहे. वर्कशॉपमध्ये रोज हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी सतत एकच हिशोब करत असते: समोरच्या वस्तूपर्यंतचं अंतर भागिले ते अंतर कमी होण्याचा वेग. म्हणजे आदळायला किती सेकंद उरले. पुढच्या जाळीमागचं रडार (बहुतेक ७७ गिगाहर्ट्झचं) अंतर आणि वेग चोख सांगतं, पण समोर माणूस आहे की लोखंडी पाटी हे ओळखण्यात ते कच्चं. ते काम आरशामागच्या कॅमेऱ्याचं. दोघांचं जमलं की आधी आवाज, मग हलका ब्रेक, आणि तरी तुम्ही काही केलं नाही तर पूर्ण ताकदीने. पूल, पाट्या, रस्त्यावरचे पत्रे सगळ्यांवरून रडारचा प्रतिध्वनी येतो. प्रत्येकाला घाबरली तर गाडी पावलोपावली थांबेल, म्हणून बरंच काही तिला सोडून द्यावं लागतं. चूक होते ती तिथेच.

५० च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते. आपल्याला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद सहज जातो. आजींच्या वेळी तेवढाच वेळ वाचलाय.

आणि चुकून ब्रेक लागला तर बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की सुटतो. हे एकदा मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

चाकोरी
@पाना-पक्कड काच बदलल्यावर काही करावं लागतं का? माझी पुढची काच दगड लागून फुटली, नवी बसवली, आणि तेव्हापासून रिकाम्या रस्त्यावर पीं पीं चालू आहे.

पाना-पक्कड
कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवणं, केलं का त्यांनी? कॅमेरा त्या काचेलाच धरून असतो. कोन केसभर हलला तरी पन्नास मीटरवर भलतंच दिसतं. ठरावीक अंतरावर तक्ता लावून किंवा गाडी चालवून ते करावं लागतं. लगेच परत जा, आणि झाल्याचं लेखी घ्या.

चाकोरी
नाही केलं. कुणी बोललंसुद्धा नाही. उद्याच जातो. मनापासून धन्यवाद.

एक वाचक
हे नवीन नाही हो. व्होल्वोने २००८ मध्ये एक्ससी ६० सोबत 'सिटी सेफ्टी' दिलं होतं, लेझरवर चालणारं, ताशी ३० किमीच्या आत. युरोपात जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला सक्तीचं आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांची आयआयएचएस ही संस्था सांगते की याने पुढच्या गाडीवर जाऊन आदळण्याचे अपघात निम्म्यावर येतात. पण अंधाराचं लक्षात ठेवा. २०१९ मध्ये तिथल्याच एएए या वाहनचालकांच्या संघटनेच्या चाचण्यांत रात्री पायी चालणाऱ्यांच्या बाबतीत ही यंत्रणा निकामी ठरली होती. नंतर सुधारणा झाल्यात, तरी रात्री भरवसा आपल्या डोळ्यांवरच.

मुक्काम पोस्ट
माझं थोडं वेगळं आहे, लांबेल.

वडील ७६ वर्षांचे. आयुष्यभर गाडी चालवली, एक ओरखडा नाही. नवी गाडी घेतल्यावर महिन्यात तीनदा तिने स्वतः ब्रेक मारला. बाबा म्हणाले, गाडी सदोष आहे, परत करू. वर्कशॉपमध्ये दोनदा दाखवली, काही निघालं नाही. शेवटी एके दिवशी मी शेजारी बसलो. चौकात डावीकडून एक सायकलवाला पोरगा येत होता. मला तो केव्हाचा दिसत होता. वाटलं, बाबा आता वेग कमी करतील, आता करतील. गाडीने केला. बाबा चिडून माझ्याकडे वळले, "बघ, समोर काही नसताना!" पोरगा तोवर आमच्या बॉनेटपुढून जात होता.

मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं हळूहळू जातं आणि माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण आता थेंब चालू आहेत, उरलेली टिकेल म्हणतात. त्या गाडीवर मी महिनाभर राग काढला होता.

सांजवारा
काय लिहू. बाबांना नमस्कार सांगा. माझ्या आईचंही असंच उशिरा कळलं होतं. घरात भाऊ-बहिणी असतील तर त्यांचेही डोळे तपासून घ्या, हे घराण्यात असतं.

लेकुरवाळी
आले परत. मुक्काम पोस्ट, वाचून रडू आलं. बाबा आता चालवतात का?

निळाई
गाडी धुवायच्या मशीनमध्ये फिरते ब्रश बघून ब्रेक लागतो का कुणाच्या? माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे, तिथे बंद करायचं असतं.

पाना-पक्कड
बरोबर म्हणतात ते. धुताना आणि टोइंगच्या वेळी बंद. आणि घरी धुताना आरशासमोरची काच आणि पुढची जाळी मऊ फडक्याने पुसा. चिखल बसला की यंत्रणा स्वतःच बंद पडते, डॅशबोर्डवर तसं लिहून येतं.

मुक्काम पोस्ट
@सांजवारा बहिणीला आजच फोन केला, पुढच्या आठवड्यात जातेय.
@लेकुरवाळी नाही. मी काही म्हणालो नव्हतो. दवाखान्यातून निघताना ते आपणहून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि पट्टा लावून घेतला.