फॉल्स आणि नॉट गिव्हनमधला घोळ

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय की आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत, रीडिंगमध्ये (उतारा वाचून विधान ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन, म्हणजे उताऱ्यात सांगितलेलंच नाही, ते ठरवायचं असतं) फॉल्स आणि नॉट गिव्हन यांत दरवेळी गडबड का होते. माझीही व्हायची, कारण मी स्वतःचं डोकं लावायचो.

आपल्या कुंद्यावरच, म्हणजे बेळगावच्या त्या मिठाईवरच घ्या. समजा उताऱ्यात एवढंच आहे की बेळगावात कुंदा दुधापासून करतात. 'कुंद्याला दूध लागत नाही' हे विधान आलं तर फॉल्स, उतारा सरळ उलट बोलतोय. पण 'कुंदा सगळ्यात आधी बेळगावात झाला' आलं, की आपला बेळगावकर अभिमानाने ट्रू ठोकून मोकळा! उताऱ्यात तसं कुठं आहे? म्हणून नॉट गिव्हन.

वेळेचं म्हणाल तर रीडिंगला ६० मिनिटांत ३ उतारे, ४० प्रश्न. लिसनिंगच्या (ऐकण्याच्या) कागदी परीक्षेत उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळतात, तशी इथं मिळत नाहीत. मी पहिल्या सरावात शेवटची सहा कोरीच ठेवली होती.

व्याकरणात आपलं मराठी आडवं येतं. 'मी कालच आलोय' चालतं, म्हणून आपण बिनधास्त 'आय हॅव कम यस्टर्डे' लिहितो. काल म्हटलं की 'आय केम'. आणि ते 'द'! मराठीत नाही, कन्नडातही नाही, त्यामुळे शेजाऱ्याला विचारूनही उपयोग नाही. मी रोज एक परिच्छेद घेऊन त्यातले सगळे 'अ', 'अॅन', 'द' खोडायचो, दुसऱ्या दिवशी परत भरायचो. कंटाळवाणं आहे, पण महिन्याभरात हात बसला.